मॅनिफोल्ड काढावा लागेल म्हणजे नेमकं काय करावं लागेल?

सेल्फ मारत नाही म्हणून गाडी दाखवली, किंवा नॉक सेन्सरचा (इंजिनातली ठकठक ओळखणारा सेन्सर) बिघाडाचा कोड आला, किंवा आडव्या बसवलेल्या व्ही६ इंजिनाच्या मागच्या बाजूचे स्पार्क प्लग बदलायचे आहेत, आणि मेकॅनिक बॉनेटखाली वाकून बघतो आणि म्हणतो की पार्ट बदलायचं काम दहा मिनिटांचं आहे हो, पण आधी इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागेल. आणि मग अर्ध्या दिवसाची मजुरी सांगतो. इथे दोन प्रकारची माणसं दिसतात. एक प्रकार लगेच संशय घेतो की हा आपल्याला गंडवतोय, दुसरा प्रकार एक व्हिडिओ बघतो, आठ बोल्ट तर आहेत म्हणतो आणि रविवारी सकाळी पाना घेऊन उभा राहतो. मी दुसऱ्या प्रकारातला. आणि खरं सांगायचं तर दोघांचाही अंदाज एकाच कारणाने चुकतो, की मॅनिफोल्डच्या आत काय चाललेलं असतं हे कोणी सांगितलेलंच नसतं. ते एकदा कळलं की हे काढा, ते झाका, या क्रमाने आवळा, अशा सगळ्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात.

हा पार्ट करतो काय

इंजिनाला पेट्रोल लागतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण वजनाने बघितलं तर पेट्रोलपेक्षा हवा किती तरी जास्त लागते, १ ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा. ती एअर फिल्टरमधून येते, थ्रॉटल बॉडीतून जाते (ऍक्सिलरेटर दाबल्यावर जी गोल झडप उघडते ती) आणि तिथून पुढे प्रत्येक सिलिंडरला तिचा वाटा पोचवायचं काम मॅनिफोल्डचं. एक पोकळ डबा आणि त्यातून निघालेल्या तीन, चार, सहा नळ्या, जेवढे सिलिंडर तेवढ्या. बस्स. मॅनिफोल्डमध्ये स्वतःहून फिरणारं फारसं काही नसतं. काही इंजिनात आत छोट्या पाकळ्या असतात त्या सोडल्या तर हा मुका पार्ट आहे.

नळ्यांची लांबी मात्र उगाच ठरवलेली नसते. सिलिंडरच्या तोंडाशी हवा आत सोडणारा व्हॉल्व्ह बंद झाला की येणारी हवा त्यावर आदळते, दाबाची लाट मागे जाते, डब्यापाशी पोचून परत फिरते, आणि ती बरोबर पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडताना पोचली तर फुकटात थोडी जास्त हवा आत ढकलली जाते. लांब नळी कमी आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) फायदा देते, आखूड नळी जास्त आरपीएमला. १९६० च्या क्रायस्लर ३००एफ मध्ये यासाठी साधारण ३० इंच लांबीच्या नळ्या होत्या, इंजिनावरून पार पलीकडच्या बाजूला गेलेल्या, फोटो बघाल तर हसू येईल. आजच्या इंजिनात तीच लांबी गोल गुंडाळून बसवतात, म्हणून मॅनिफोल्ड एवढा वाकडातिकडा आणि मोठा दिसतो आणि म्हणूनच तो बाकीच्या पार्टसवर छत्री धरल्यासारखा बसलेला असतो. सेल्फ, नॉक सेन्सर, ऑइलच्या वाफा गाळणारा डबा, असलं बरंच काही त्याच्या खाली दडपलेलं सापडतं. म्हणजे मेकॅनिक बऱ्याचदा खरंच बोलत असतो.

सगळी गोम आतल्या दाबात आहे

ही एक गोष्ट समजून घ्या, बाकी लेख विसरलात तरी चालेल. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, ऍक्सिलरेटरवर पाय नाही. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद आहे आणि खाली पिस्टन मात्र हवा ओढतच आहेत. नाक दाबून श्वास घ्यायचा प्रयत्न करा, तसं. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये हवा विरळ होते. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो, आणि पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये आयडलिंगला तो ३० ते ४० च्या आसपास, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. यालाच गॅरेजच्या भाषेत व्हॅक्युम म्हणतात. पूर्ण निर्वात वगैरे काही नसतं, पण बाहेरची हवा आत घुसायला टपून बसलेली असते एवढं खरं.

कुकरच्या रिंगचं काम सगळ्यांना माहीत आहे, आतला दाब बाहेर जाऊ नये म्हणून ती असते. मॅनिफोल्डचं गॅस्केट म्हणजे तीच रिंग पण उलट्या ड्युटीवर, बाहेरचं आत येऊ नये म्हणून. आणि इथे शिट्टी होत नाही, फार तर बारीक सूं आवाज येतो तोही फॅनच्या आवाजात दबून जातो, म्हणून गळती आहे हे पटकन कळत नाही.

आता उत्साही लोक लगेच म्हणतील की माझी गाडी टर्बो आहे, माझ्याकडे उलट दाब जास्त असतो. बरोबर, पण बूस्ट चालू असताना, म्हणजे टर्बो हवा जोराने आत ढकलत असताना. सिग्नलला उभे असाल तेव्हा टर्बो पेट्रोलच्या मॅनिफोल्डमध्येही व्हॅक्युमच असतो, म्हणजे तुमच्या गॅस्केटला दोन्ही दिशांनी काम करावं लागतं. डिझेलमध्ये असा व्हॅक्युम सहसा नसतो, तिथली दुखणी वेगळी, काजळी साठून नळ्या बुजतात वगैरे, आणि इंधनाचा दाब तर भयंकर. इथून पुढे मी पेट्रोलबद्दलच बोलतोय.

एवढ्याशा भोकाने काय होणार?

हा प्रश्न मलाही पडायचा. म्हणून हिशोब करून बघू. १.२ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर चाललं तर मिनिटाला १५०० वेळा त्याचा पूर्ण घास भरला जातो (चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतं), म्हणजे जास्तीत जास्त १८०० लिटर हवा मिनिटाला. त्या पुरात एका टाचणीएवढ्या गळतीला कोण विचारतो. पण आयडलिंगला तेच इंजिन सेकंदाला जेमतेम २ ते ३ ग्रॅम हवेवर चालतं. आणि आत एक तृतीयांश दाब असताना २ मिमी व्यासाच्या भोकातून सेकंदाला साधारण अर्धा ग्रॅम हवा घुसते. म्हणजे पाचवा-सहावा हिस्सा हवा चोरवाटेने आली! स्ट्रॉला मधे बारीक भोक पडलं की वर नुसती हवा येते तसं.

कॉम्प्युटरला ही चोरी कशी दिसते ते गाडीच्या पद्धतीवर आहे. काही गाड्यांत फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो, त्याच्या पाठीमागून आत आलेली हवा त्याच्या वहीत नोंदलीच जात नाही, कॉम्प्युटर कमी पेट्रोल देतो, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग वरखाली होतं, गाडी मिसिंग करते आणि चेक इंजिन लाइट लागून पी०१७१ सारखा (मिश्रण पातळ आहे असं सांगणारा) कोड येतो. दुसऱ्या प्रकारात सेन्सर थेट मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, त्याला घुसलेली हवाही दिसते, तो तिच्या हिशोबाने पेट्रोलही देतो, मग मिश्रण फारसं बिघडत नाही पण आयडलिंग चढून बसतं. एकच गळती, दोन गाड्यांत दोन लक्षणं, आणि ऑनलाइन लोक एकमेकांशी भांडत बसतात की तुझं निदान चुकलं. दोघंही बरोबर असतात. आरपीएम वाढवला की त्रास कमी होतो हे मात्र बहुतेक वेळा दोन्हीकडे दिसतं, कारण वर सांगितलं तेच, चोरी तेवढीच राहते आणि एकूण माल वाढतो.

हे सगळं इतकं लांबलचक सांगितलं कारण मॅनिफोल्ड काढणं म्हणजे ही अख्खी बंद केलेली व्यवस्था स्वतःच्या हाताने उघडणं आणि परत तितकीच बंद करणं. काढायला ताकद लागत नाहीच. परत लावताना हवा बंद झाली पाहिजे, काम ते आहे.

पाना लावायच्या आधी

इंजिन गार हवं. कोमट चालणार नाही, पूर्ण गार, शक्यतो रात्रभर उभी असलेली गाडी. एक तर कूलंट, कारण बऱ्याच थ्रॉटल बॉडीतून आणि काही मॅनिफोल्डमधूनही कूलंट फिरतं आणि गरम असताना ते दाबाखाली असतं, पाईप काढला की अंगावर. दुसरं म्हणजे पेट्रोल गरम लोखंडावर सांडू नये हे वेगळं सांगायला नको.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सेल्फसाठी मॅनिफोल्ड काढत असाल तर हे अजिबात टाळू नका, सेल्फकडे जाणारी जाड वायर चावी बंद असतानाही जिवंत असते आणि पाना तिला आणि बॉडीला एकदम टेकला की वेल्डिंगच होतं. फक्त त्याआधी पेट्रोलचा दाब उतरवून घ्या, कारण त्याला बॅटरी लागते. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायचा आणि इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. साध्या इंजेक्टरच्या गाडीत, जिथे पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, तिथे हा दाब ३ ते ४ बार असतो, टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो त्यावरून अंदाज घ्या. दाब उतरवल्यावरही थोडं पेट्रोल निघतंच, फडकं धरा, चष्मा घाला, आसपास ठिणगी नको, आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी असू द्या.

तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं असेल, म्हणजे पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये जात असेल, तर तिथला दाब १०० बारच्या वर, कधी २०० च्याही पुढे असतो. ती धातूची हाय प्रेशर लाइन काढायची वेळ येत असेल तर मी म्हणेन हे काम घरी करू नका. बारीक धार कातडीतून आत जाते आणि सुरुवातीला दुखतही नाही, नंतर मात्र थेट ऑपरेशनची वेळ येऊ शकते. काही इंजिनात मॅनिफोल्ड निघायला त्या लाइनला हात लावावा लागत नाही, पण ते सर्व्हिस मॅन्युअल बघून ठरवा, अंदाजाने नाही.

आणि फोटो काढा. एक नाही, वीस काढा, वरून, बाजूने, फ्लॅश लावून. आज तुम्हाला वाटतंय की हे पाच पाईप कुठे जातात ते लक्षात राहील. नाही राहणार.

पाईप, कपलर आणि म्हातारं प्लास्टिक

मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम आहे म्हटल्यावर गाडीतल्या इतर लोकांनी तो फुकट वापरायचं ठरवलं नसतं तरच नवल. ब्रेक हलका लागतो तो बूस्टरमुळे, त्याचा जाड पाईप इथेच येतो. इंजिनातल्या ऑइलच्या वाफा ओढून घेणारा पाईप इथे. पेट्रोलच्या टाकीतल्या वाफा जाळायला आणणारा बारीक पाईप इथे. काही इंजिनात धुराचा थोडा भाग परत आत सोडणारी धातूची नळीही इथेच. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे आणि दोन बारीक पाईप एकमेकांच्या जागी सहज बसतात, म्हणून चिकटपट्टीवर आकडे लिहून दोन्ही टोकांना चिकटवा.

पाईप ओढू नका. वर्षानुवर्षं गरम होऊन रबर त्या प्लास्टिकच्या नळीला चिकटलेलं असतं आणि ती नळी बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असते. आधी पाईप जागच्या जागी डावी-उजवीकडे फिरवायचा, सुटला असं बोटांना कळतं, मग काढायचा. फिरत नसेल तर आणि पाईप तसाही बदलायचा असेल तर लांबीच्या दिशेने हलका काप द्या, ब्लेड प्लास्टिकपर्यंत जाऊ न देता. कपलरचंही (वायरींचा प्लास्टिकचा जोड) तेच, खटका आधी आतल्या बाजूला थोडा दाबून सैल करायचा, मग उचलायचा. वायर धरून ओढलीत तर वायरच हातात येईल.

मेटलचा असता तर हा ताप नसता, असं म्हणणारे खूप भेटतात. पूर्वी होतेच, आधी बिडाचे, मग ऍल्युमिनियमचे. आताचे बहुतेक काचेचे तंतू घातलेल्या नायलॉनचे. हलके, आतून गुळगुळीत, इंजिनाची उष्णता हवेला कमी देणारे. प्लास्टिक वाईट नाही, पण त्यातून गरम पाणी फिरवायची हौस काहींना महागात पडली. फोर्डच्या ४.६ लिटर व्ही८ चं उदाहरण प्रसिद्ध आहे, तिथे प्लास्टिकच्या मॅनिफोल्डमध्येच कूलंटचा मार्ग होता आणि तो पुढच्या बाजूला तडकायचा, नंतर तेवढा भाग ऍल्युमिनियमचा करावा लागला. तुमच्या मॅनिफोल्डमधून कूलंट जात असेल तर खोलण्याआधी ते उतरवून घ्या, नाहीतर उचलताक्षणी सगळं सिलिंडरच्या तोंडात.

सगळे बोल्ट काढले तरी हलत नाही

मग सगळे काढलेले नाहीत.

हे मी हसत लिहितोय पण तेव्हा हसू आलं नव्हतं. समोरचे सगळे नट-बोल्ट काढून ओळीने मांडून ठेवले होते, मॅनिफोल्ड डावीकडून बोटभर सुटला आणि उजवीकडे हट्टाने चिकटून बसला. मला वाटलं गॅस्केट चिकटलंय. पेचकस घातला आणि उचकटला, कट्ट असा आवाज आला. नंतर मोबाइलचा कॅमेरा फ्लॅश लावून खाली सरकवला तेव्हा दिसलं की खालून एक पत्र्याची पट्टी इंजिनाच्या ब्लॉकला आधार देत होती आणि तिचा बोल्ट आरामात जागेवर होता. मॅनिफोल्ड वाचला, पण हेडच्या (इंजिनाचा वरचा भाग, ज्यावर मॅनिफोल्ड बसतो) ऍल्युमिनियमच्या बैठकीवर पेचकसाची एक रेघ उमटली. डोळ्याला दिसत नव्हती, नखाला लागत होती. आणि नखाला लागते ती हवेलाही सापडते.

तर नियम एवढाच, की नुसत्या हाताने हलवून निघत नसेल तर थांबा आणि शोधा. खालची आधारपट्टी, डिपस्टिकची नळी अडकवणारा बोल्ट, मागच्या बाजूची वायरिंगची क्लिप, नेहमीचे गुन्हेगार हेच. सोडताना बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करा, एकदम एकेक पूर्ण काढत गेलात तर शेवटच्या बोल्टवर सगळा ताण येतो आणि प्लास्टिक वाकतं. हत्यारं फार लागत नाहीत, रॅचेट, लांब आणि आखूड एक्स्टेन्शन, मान वळणारा जॉइंट आणि १० नंबरची गोटी. ती गोटी दोन घेऊन ठेवा. का ते कळेलच.

उघडी भोकं

मॅनिफोल्ड बाजूला झाला की हेडवर प्रत्येक सिलिंडरचं तोंड उघडं पडतं आणि आत वाकून बघितलं तर व्हॉल्व्हची पाठ दिसते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात ती बघून बरेच लोक घाबरतात, डांबर सांडून वाळल्यासारखा काळा खडबडीत थर, कारण तिथे पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हवर पडतच नाही, धुतलं जात नाही. जुन्या पद्धतीच्या इंजेक्टरच्या इंजिनात हीच जागा बरीच स्वच्छ असते. तो थर बघून पेचकसाने खरवडायची खाज येते. नका करू. व्हॉल्व्ह उघडा असेल तर ते तुकडे सरळ पिस्टनवर पडतात. व्यावसायिक लोक आधी त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद स्थितीत आणतात आणि मग अक्रोडाच्या टरफलाचा बारीक भुगा हवेच्या दाबाने मारतात.

तुमचं पहिलं काम ती भोकं बंद करणं. तंतू न सोडणारी फडकी घ्या, भडक रंगाची, आणि मोजून घ्या. चार तोंडं, चार फडकी, आणि परत लावायच्या आधी चार बाहेर. कागदी टिश्यू नको, तो फाटून एक कोपरा आत राहतो. वॉशर किंवा नट आत पडला तर चावी फिरवून बघू, निघून जाईल, असला विचार मनातही आणू नका, तो निघणार नाही, पिस्टन आणि हेडच्या मधे चेचला जाईल. लवचिक चुंबक, छोटा कॅमेरा आणि संयम. ऍल्युमिनियमचा तुकडा असेल तर चुंबकही उपयोगाचा नाही, मग व्हॅक्युम क्लीनरला बारीक नळी जोडून ओढा (आत पेट्रोलचा वास येत नसेल तरच), आणि तरीही तो सापडेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही. म्हणूनच मॅनिफोल्ड उचलण्याआधी आजूबाजूची माती, पानं, खडे ब्रशने आणि हवेने साफ करायला सांगतात.

जुनं गॅस्केट चांगलंच दिसतंय की

दिसतं. प्रश्न दिसण्याचा नाही. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डमध्ये बहुधा रबराची रिंग खाचेत बसवलेली असते. नवीन रिंग खाचेच्या वर उठलेली असते, बोट फिरवलं की उंचवटा लागतो आणि तो दाबला जाऊनच हवा बंद होते. जुनी रिंग वर्षानुवर्षं दाबून चपटी झालेली असते, खाचेच्या बरोबरीला आलेली, तुटलेली नाही, फाटलेली नाही, फक्त वर यायचं विसरलेली. ती परत लावाल तर गार असताना सकाळी गळेल, गरम झाल्यावर फुगून थांबेल, आणि तुम्ही आठवडाभर सेन्सर बदलत बसाल. अख्ख्या कामात सगळ्यात स्वस्त वस्तू हीच आहे, तिथे कंजुषी करू नका. इंजेक्टर काढले असतील तर त्यांच्याही रिंगा नवीन, बसवताना इंजिन ऑइलचा एक थेंब लावून, नाहीतर कोरडी रिंग वळते आणि कापली जाते.

बैठक साफ करायला प्लास्टिकची पट्टी आणि क्लीनर लावलेलं फडकं पुरतं. ड्रिलला लावायच्या त्या खरखरीत चकत्या वापरू नका. त्यातले घासणारे कण बारीक धुळीसारखे सगळीकडे उडतात, ऑइलमध्ये जातात आणि क्रँकच्या बेअरिंगला खातात, चकचकीत बैठकीच्या नादात इंजिन जातं.

थोडं सिलिकॉन लावून टाकलं तर?

हा सल्ला हमखास मिळतो. रबरी रिंगेच्या खाचेत सिलिकॉन भरलं तर रिंगेला दाबायला जागाच उरत नाही, ती घसरते. कागदासारख्या गॅस्केटवर लावलं तर आतल्या बाजूला जी वेल बाहेर येते ती वाळून सुटते आणि इंजिन ती गिळतं, शिवाय चुकीच्या प्रकारच्या सिलिकॉनच्या वाफांनी ऑक्सिजन सेन्सर खराब होतो तो वेगळाच. काही व्ही इंजिनांत हेड आणि ब्लॉक जिथे भेटतात त्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा ठिपका द्यायला मॅन्युअलच सांगतं, तिथे द्या. बाकी नाही.

टॉर्क रेंच कशाला, हाताला कळतं की

नाही कळत, आणि यात अपमान वाटून घेऊ नका. प्लास्टिक मॅनिफोल्डच्या बोल्टांना बऱ्याच इंजिनात १० न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचं असतं, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. १० म्हणजे किती? २० सेंटीमीटरच्या रॅचेटच्या टोकाला साधारण ५ किलोचा भार. बस्स एवढंच. चाकाचे नट साधारण १०० च्या घरात असतात, म्हणजे ज्या हाताला चाक आवळायची सवय आहे त्या हाताला १० म्हणजे सैल सोडल्यासारखंच वाटणार.

जास्त आवळलं तर जास्त हवाबंद, हेही खोटं. प्लास्टिक मॅनिफोल्डमध्ये बोल्टच्या भोकात धातूची एक बुश असते, बोल्ट एका मर्यादेनंतर त्या बुशवर टेकतो आणि प्लास्टिकवरचा दाब पुढे वाढतच नाही. तुम्ही वरून जो जोर लावता तो सगळा हेडमधल्या ऍल्युमिनियमच्या आट्यांना जातो, आणि ऍल्युमिनियमचे आटे गेले की मग खरी मजुरी कळते.

सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी दोन-तीन आटे बसवून घ्या, कुठलाच अडत नाही ना बघा. मग मधून सुरुवात करून आलटून पालटून कडेकडे जायचं, पहिल्या फेरीत अर्धं, दुसऱ्या फेरीत पूर्ण. मोबाइलचा स्क्रीन गार्ड आपण मधून बाहेर दाबत नेतो, हवेचा फुगा मधे अडकू नये म्हणून, इथेही तेच. दोन कोपरे आधी गच्च केले तर मधला भाग कमानीसारखा उचललेला राहतो आणि मग तो मधल्या बोल्टने खाली ओढताना तडकतो.

चावी फिरवली, आता?

आधी फक्त चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. पंप दोन सेकंद चालतो, दाब भरतो. असं दोन-तीनदा करा आणि टॉर्च घेऊन इंजेक्टरपाशी ओलसर काही दिसतंय का, वास येतोय का बघा. मग चालू करा. बॅटरी काढलेली होती म्हणून पहिली काही मिनिटं आयडलिंग वेडंवाकडं असू शकतं, काही गाड्यांना थ्रॉटलची जागा परत शिकवावी लागते, त्याची पद्धत मॅन्युअलमध्ये असते. लगेच खोलायला घेऊ नका.

सूं आवाज आला तर हातभर रबरी पाईप घ्या, एक टोक कानाशी, दुसरं टोक गॅस्केटच्या कडेने फिरवा, फॅन आणि बेल्टपासून बाही आणि पाईप लांब ठेवून. गळतीपाशी आवाज एकदम मोठा होतो. कार्ब क्लीनर फवारून आयडलिंग बदलतं का बघायची पद्धत सगळीकडे सांगतात, पण तो पेटणारा पदार्थ गरम एक्झॉस्टच्या शेजारी मारणं मला पटत नाही, त्यापेक्षा गॅरेजमध्ये जाऊन धूर सोडून तपासणी करून घ्या. घरी छोटा स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. साधारण उणे १० ते अधिक १० च्या आत असेल तर निवांत. आयडलिंगला अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ५ असं दिसलं तर, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीत, ती आपली ओळखीची स्ट्रॉवाली चोरी आहे.

आणि गाडी जागची हलवायच्या आधी ब्रेक. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टरचा जाड पाईप कुठेतरी लोंबकळतोय, आणि त्या वेळी ते इंजिनच्या आवाजावरून कळलं नसेल तरी पहिल्या वळणावर कळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना कूलंटची पातळी एकदा बघा, आत अडकलेली हवा निघून गेल्यावर ती थोडी खाली येते, तेवढी भरून घ्या.